आधी पाय, मग दोर

अब्बांनी सायखेड्याच्या घाटावर बायकांना दोर फेकायला शिकवायला घेतलं, तेव्हा गावाचं एकमत झालं की मणियारांच्या जावयाचं डोकं खाऱ्या पाण्यानं गेलं. गावाची त्यात फारशी चूक नव्हती. साठीला आलेला, पांढऱ्या दाढीचा, घोट्याच्या वर इस्त्रीची पँट घातलेला माणूस दर रविवारी नाशकाहून स्कूटरवर येतो, खांद्यावर नायलॉनच्या दोराचं वेटोळं, आणि धुणं धुणाऱ्या बायकांना म्हणतो, "चला, बडवणं पुरे. उभ्या राहा." लोक दुसरं काय म्हणणार?

माझे अब्बा, नूरमोहम्मद अत्तार, मिसरूड फुटायच्या वयात नेव्हीत गेले आणि पेन्शन लागल्यावरच नाशकातल्या द्वारकेच्या घरी कायमचे परतले. जहाजावर त्यांचं काम दोराचं. जहाज धक्क्याला लागताना जो पहिला दोर किनाऱ्यावर भिरकावतात, तो अब्बा फेकायचे. टोकाला मुठीएवढी गाठ असते, तिच्या वजनानं दोर लांब जातो. नमाज त्यांनी भर समुद्रातही सोडली नाही. अडचण एकच, जहाज वळलं की काब्याची दिशा बदलायची. मग सुकाणूवरचा त्यांचा मालवणी दोस्त वरून ओरडायचा, "नूर, आता डावीकडे!" आणि अब्बा सजद्यातून उठून डावीकडे वळायचे. हे सांगताना ते दरवेळी हसायचे आणि दरवेळी म्हणायचे, "त्याचा सवाब, म्हणजे पुण्य, त्यालाही मिळालं असेल."

दोराचं वेड मात्र समुद्रातलं नव्हे. ते आमच्याच गंगेतलं. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात.

सायखेडा माझ्या अम्मीचं माहेर. तिचा धाकटा भाऊ, मुनीरमामा, त्याच घाटासमोर बुडाला. पट्टीचा पोहणारा होता. घाटावर बायका होत्या, त्यांनी जिवाच्या आकांतानं आरडाओरडा केला, पण फेकायला काय घ्यावं हे कुणाला सुचलं नाही. दगडांवर नऊवारी लुगडी वाळत पडली होती, आणि तीही कुणाला दिसली नाहीत. अब्बा तेव्हा अंदमानाकडं होते. जहाज किनाऱ्याला लागून निरोप मिळाला तोवर माती होऊन गेली होती. घरी आल्यावर अम्मी त्यांना एवढंच म्हणाली, "दुनिया को बचाने गए थे. मेरा भाई यहाँ डूबा." पुन्हा तिनं तो विषय काढला नाही, भांडण केलं नाही, त्यांच्या ताटात कधी काही कमी केलं नाही. पण त्या दिवसापासून ती माहेरी जायची ती नानीच्या उंबऱ्यापर्यंत. घाटाच्या पायरीवर तिनं पाय ठेवला नाही. अब्बांना ते फार लागलं. पेन्शन आली तसे ते द्वारकेला ट्रकवाल्यांच्या दुकानातून दोर घेऊन सायखेड्याला निघाले. "त्या घाटावरून आता कुणी वाहून जाणार नाही," मला म्हणाले. "आणि तुझी अम्मी एक दिवस खाली उतरेल."

पहिल्यांदा त्यांनी पुरुषांना बोलावलं. पुरुष म्हणाले, "दाजी, आम्ही गंगेतच वाढलो." दाजी म्हणजे अख्ख्या गावाचे दाजी, जावई ना. अब्बा म्हणाले, पोहणारेच बुडतात, न पोहणारा पाण्यात जातोच कशाला? ते कुणाला पटलं नाही. मग अब्बांनी बायकांकडं मोर्चा वळवला. दिवसभर घाटावर असतात त्याच.

बुडणारा माणूस म्हणून तेलाचा रिकामा कॅन पाण्यात सोडायचा आणि त्याच्या वरच्या अंगाला, येत्या पाण्याकडं दोर टाकायचा, म्हणजे प्रवाहच तो माणसाच्या हातात नेऊन देतो. बुडणाऱ्यामागं उडी मारायची नाही. आणि सगळ्यात पहिलं, दोराचं आपलं टोक आपल्या पायाखाली. "आधी पाय, मग दोर," अब्बा घसा ताणून सांगायचे. पहिल्याच रविवारी भागीबाईनं पदर खोचला, गरगर फिरवून असा काही दोर भिरकावला की लांबून बघणाऱ्या पुरुषांनीही वाहवा केली. अख्खा दोर गेला, दोन्ही टोकांसकट. कॅनच्या सोबतीनं वाहत तो पार दिसेनासा झाला.

"दाजी, लय लांब गेला की," भागीबाई म्हणाली.

"गेला. आता खालच्या गावचे धरतील," अब्बा म्हणाले, आणि पुढच्या रविवारी नवा दोर घेऊन आले.

भागीबाई आणि तिचा नवरा रावजी नदीकाठी भाजी पिकवायचे. तिचं दुकान पंचवटीच्या बाजारात, जीभ त्याहून मोठी. अब्बा सगळ्यात जास्त तिच्यावरच ओरडायचे आणि तीच एकही रविवार चुकवायची नाही. दोर ठेवायला जागा हवी होती. घाटावरच्या मारुतीच्या देवळात पुजाऱ्यानं खुंटी दिली. तेव्हापासून दोर मारुतीच्या ताब्यात.

पाच-सहा वर्षं हे चाललं आणि पुराचं पाणी आलं की गाव नुसतं वर सरकायचं. मग तो ऑगस्ट आला. गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं. अब्बा सकाळीच पंचवटीत जाऊन दुतोंड्या मारुतीला, नाशकाच्या पुराच्या मापाला, पाणी कुठवर लागलं ते बघून आले. "छातीपर्यंत आहे. दुपारपर्यंत सायखेड्याला पोचेल." नानीचं घर खालच्या आळीत, तिला हलवायलाच हवं होतं. मी गाडी काढली, मी शिकवते त्या शाळेला सुट्टीच होती. अम्मीही बसली.

नानीला वरच्या आळीत पोचवून अम्मी तिच्याजवळ थांबली. मी आणि अब्बा घाटाकडं वळलो, तोच भागीबाईच्या आणि घाटावरच्या बायकांच्या किंकाळ्या ऐकू आल्या. रावजी नदीवरची पाण्याची मोटार सोडवायला गेला होता. सगळेच जातात, मोटारीपायी माणसं जातात, तरी जातात. मोटार सुटली नाही आणि पाणी मागून फिरलं. आता तो एका बाभळीला मिठी मारून होता, पाणी छातीला लागलेलं, बाभूळ हलत होती.

अब्बांनी देवळातला दोर खाली घेतला. टोक पायाखाली, नीट नेम, आणि फेकला. कमी पडला. दोर ओढून घेतला, पुन्हा फेकला. पुन्हा कमी पडला. त्यांचा उजवा खांदा दोन वर्षांपासून वर जात नव्हता, हे मला माहीत होतं, गावाला नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. जन्मभर ज्या एका कामाचा त्यांना भरवसा होता, तेच हातून होत नव्हतं, आणि समोर माणूस जात होता.

अब्बांनी तिसऱ्यांदा फेकला नाही. त्यांनी वेटोळं भागीबाईच्या हातात दिलं.

"दाजी, माझ्यानं नाय व्हायचं. माझा मालक हाय त्यो."

"म्हणूनच तू. माझा हात गेलाय, भागीबाई. तुझा चांगला आहे, मी शिकवलाय."

तिनं नाक ओढलं, पदर खोचला. पाय दोराच्या टोकावर ठेवला आणि एकदा खाली बघून खात्री केली. मग फेकला. दोर रावजीच्या डोक्यावरून पुढं, वरच्या अंगाला जाऊन पडला आणि पाण्यानंच तो आणून त्याच्या छातीला लावला. रावजीनं काखेखालून वेढा घेतला. "ओढा," अब्बा म्हणाले.

आम्ही सगळ्या बायका एका रांगेत दोराला लागलो. पाणी आमच्यापेक्षा जोरात होतं, आम्हीच पायरी पायरी खाली घसरत होतो. एवढ्यात माझ्या मागं कुणीतरी दोर धरला आणि मागं रेलून असा ताण दिला की आमचं घसरणं थांबलं. मी वळून पाहिलं. अम्मी होती. अनवाणी, ओढणी कमरेला बांधलेली, आणि अर्ध्या घाटावर उतरलेली. अब्बा पुढं उभे राहून "ओढा, ओढा" असा ठेका देत होते. त्यांनीही पाहिलं आणि त्यांचा ठेका चुकला. मग अम्मीच ओरडली, "खींचो!"

रावजी पायरीवर आला, पाणी ओकला आणि म्हणाला, "मोटार ऱ्हायली तिकडंच."

"आता मोटारीचं नाव काढा," भागीबाई म्हणाली, "मीच परत ढकलते." आणि मग तिथंच बसून हमसून हमसून रडली.

अम्मी दम खात पायरीवर उभी होती. अब्बा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. ती म्हणाली, "असर का वक्त जा रहा है. वुज़ू करो." अब्बांनी त्याच पाण्यानं हातपाय-तोंड धुऊन वुज़ू केला, ओल्या कपड्यांतच वरच्या पायरीवर तिसऱ्या प्रहराच्या नमाजेला उभे राहिले. अम्मी त्यांच्या चपला जवळ घेऊन खालच्या पायरीवर बसून राहिली, मुनीरमामाच्या पाण्याकडं बघत. मी माझ्या अब्बांना एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं.

अब्बा गेल्या हिवाळ्यात गेले. झोपेतच गेले, फज्रच्या, पहाटेच्या नमाजेच्या आधी. जनाज्याला रावजीनं नाशकात येऊन खांदा दिला. अम्मी इद्दतीत बसली, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडली नाही, आणि इद्दत संपल्यावरच्या पहिल्याच रविवारी मला म्हणाली, "गाडी काढ. सायखेड्याला जायचंय."

घाटावर बायका जमल्याच होत्या. भागीबाईनं खुंटीवरून दोर काढला आणि कॅन पाण्यात सोडला. ती हात उचलते न उचलते तोच मागून आवाज आला. आवाज अम्मीचा होता, पण घसा ताणायची तऱ्हा थेट अब्बांची.

"आधी पाय!"

भागीबाईनं मागं वळून पाहिलं, डोळे पुसले आणि पाय उचलून खालचं टोक दाखवलं.

"हाय, अक्का. बगून घ्या. दाजींनी शिकिवलंय."