दुसऱ्याच्या घरचा मसाला

मालवणात धुरीवाड्याच्या वळणावर हिराकाकी मयेकरचा डंख आहे. डंख म्हणजे मसाला कांडायचं यंत्र. लोखंडी मुसळं धाडधाड खाली येतात आणि भाजलेल्या मिरच्यांची बघता बघता पूड होते. आत पाऊल टाकलं की भलाभला माणूस शिंकून बेजार होतो. हिराकाकी शिंकत नाही. अठ्ठावीस वर्षं त्या धुरळ्यात उभी राहून तिच्या नाकाने मिरचीची दखल घेणं सोडून दिलं असावं. त्याच नाकावर ती माशी मात्र बसू देत नाही.

तिचा तोरा उगाच नव्हता म्हणा. इथे प्रत्येक घराचा मसाला वेगळा. मिरच्या कुठल्या आणि किती, धणे किती, दगडफूल घालायचं की नाही, यावर घरंच्या घरं पिढ्यान् पिढ्या अडून बसलेली. मार्च लागला की बायका वाळवून भाजलेला माल डब्यात भरून डंखावर येतात आणि आपला घाणा सुरू झाला की जागच्या हलत नाहीत. आधीच्या बाईचा मसाला नीट झाडून काढला की नाही, ते डोळ्यांत तेल घालून बघतात. शेजारणीचं चिमूटभर दगडफूल आपल्यात आलं तर जणू कुळच बुडणार.

या सगळ्या घरांची प्रमाणं हिराच्या डोक्यात होती. कागदावर एक अक्षर नाही. आणि एकीचं प्रमाण तिने दुसरीला कधी सांगितलं नव्हतं. वेगळ्या निघालेल्या सुनेने मिरची कमी केली का, म्हणून सासवा आडून आडून विचारायच्या. हिरा डंखाचं बटण दाबायची आणि त्या धडधडाटात सासूबाईंचा प्रश्न बुडवून टाकायची.

पण डबे कमी व्हायला लागले. नव्या सुनांना मिरची वाळवायला अंगण नाही आणि असलं तरी इच्छा नाही. मे महिन्यात दोन-दोन किलो मसाला मुंबईला नेणारे चाकरमानी इमारतीखालच्या दुकानातून पाकीट घेऊ लागले. पाकिटावर माड, होडी आणि नथ घातलेली बाई. आत काय, तर लाल रंगाचं धण्याचं पीठ. तेच कालवणात घालून वर म्हणायचं की गावची चव आली. कसली कपाळाची चव!

अशात हिराचा झिल, म्हणजे मुलगा, देवेश पुण्याची नोकरी सुटल्यामुळे घरी आला. कुडाळला कुठल्याशा हॉलमध्ये उद्योजकांचं शिबिर होतं, तिथे जाऊन दोन दिवसांत तो पुरता बदलून परतला. कोट घातलेल्या एका घामाघूम माणसाने तिथे सांगितलं होतं की वस्तू विकू नका, गोष्ट विका, आणि ऑनलाइन दिसत नाही तो धंदा नाहीच. त्या माणसाने स्वतः आयुष्यात एक नारळ तरी विकला होता का, हे कोणी विचारलं नाही. देवेश तर टाळ्या वाजवण्यात दंग होता.

मग मयेकरांच्या घरी गोष्ट तयार झाली. गाऊनवर खांद्याला टॉवेल टाकून काम करणाऱ्या हिराला नऊवारी नेसवली, नाकात नथ अडकवली आणि उखळापुढे बसवून व्हिडिओ काढला. ते उखळ एका रिसॉर्टमधून मागून आणलं होतं; तिथे त्यात झाड लावलेलं. मागे खराखुरा डंख चादरीखाली झाकून ठेवला. अठ्ठावीस वर्षं ज्याच्या जिवावर जेवले, त्यालाच लपवून! हिराने कुरकुर केली, पण थोडीच. फोनवर लोकांनी पाठवलेले लाल बदाम बघून बाईला गुदगुल्या झाल्या होत्या, उगाच खोटं का बोला.

पहिला माल त्यांनी स्वतःच्या घरच्या प्रमाणाचा पाठवला. आता गंमत बघा, सगळ्या मालवणचा मसाला जिच्या हातून जायचा, तिच्या घरचा मसाला अगदीच सपक. सासू चिक्कू, मिरचीची कसर धण्याने भरून काढणारी. हिराने तेच पुढे चालवलं होतं. गिऱ्हाइकांनी तोंडावर लिहिलं की याला ना रंग ना ठसका. देवेशचा चेहरा पडला. त्याने आईला विचारलं, तुला तर सगळ्यांचं माहीत आहे, मालवणात सगळ्यात चांगला मसाला कोणाचा?

उत्तर हिराला झोपेतही देता आलं असतं. चार घरं सोडून राहणाऱ्या रुक्मिणीवहिनींचा. त्यांच्या घरी बांगड्याचं तिखलं शिजलं की रस्त्यावरचा माणूस चालायचा थांबतो. देवेशने आठ दिवस भुणभुण लावली आणि नवव्या दिवशी हिराने सांगितलं. नागकेशर जरा कमी केलं, धणे मूठभर वाढवले, म्हणजे हा काही वहिनींचा मसाला राहिला नाही, असं तिने स्वतःला पटवलं. माणसाला स्वतःला फसवायला मूठभर धणे पुरतात.

मसाला धो धो खपला. देवेश आरशापुढे उभा राहून भाषणाची तयारी करू लागला. आणि एक पाकीट जाऊन पडलं डोंबिवलीत, रुक्मिणीवहिनींच्या लेकीच्या, रियाच्या घरात. तिच्या मैत्रिणीने हा मसाला खूप वाखाणला म्हणून तिने मागवलेला. पहिल्याच दिवशी कालवणाला उकळी आली आणि रियाने आईला फोन करून विचारलं, तू मसाला विकायला कधीपासून लागलीस?

वहिनी एप्रिलात नेहमीच्या दिवशी आल्या. डबा ठेवला, स्टुलावर बसल्या, घाणा पुरा करून घेतला. मसाला डब्यात भरून झाल्यावर त्यांनी पिशवीतून देवेशचं पाकीट काढलं, एका कागदावर दोन्हीतली चिमूट चिमूट ठेवली आणि नंबर लावून बसलेल्या सहा बायकांपुढे कागद फिरवला. सहाही जणींनी वास घेतला. मग वहिनी हिराकडे वळल्या.

"चोरलंस ता चोरलंस," त्या म्हणाल्या, "वर धणे घालून बाटवलंस."

इथे हिराने पाय धरले असते तरी भागलं असतं. पण नाकावर माशी बसू न देणारी बाई ती! तिने फाडकन उत्तर दिलं की त्यात चोरायचं काय, अख्ख्या गावाची प्रमाणं थोड्याफार फरकाने सारखीच आहेत. झालं! आपल्यासारखा मसाला त्रिखंडात नाही, या विश्वासावर जगणाऱ्या सहा बायका समोर बसल्या होत्या. एकीने न कांडलेल्या मिरच्यांचा डबा उचलला. मागोमाग बाकीच्या उठल्या. आठवड्याभरात डंखाचं अंगण ओस पडलं. बायका रिक्षा करून दुसऱ्या गावच्या गिरणीवर जाऊ लागल्या. तिथे मसाला करपतो हे ठाऊक असून. आपला मसाला करपला तरी चालेल, पण हिराच्या हातात द्यायचा नाही.

देवेशला त्याचं काही नव्हतं. तो म्हणाला, गावातल्या ह्या चाळीस बायका गेल्या तर गेल्या, आपल्याला अख्खा देश गिऱ्हाईक आहे. हिराने त्याच्याकडे बघितलं आणि आपण ह्याला शाळेत कशाला घातलं असं तिला वाटून गेलं. तिला देश नको होता. त्या चाळीस बायकांनी पुन्हा आपले डबे तिच्या पुढ्यात आणून ठेवावेत, एवढंच तिला हवं होतं. त्याशिवाय ती कोण? धुरळ्यात उभी असलेली एक शिष्ट म्हातारी, बस्स. ती वहिनींच्या दारात गेली. वहिनींनी पाणीसुद्धा विचारलं नाही. ती परत आली आणि रिकाम्या स्टुलांकडे बघून तिला लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा, आणि चांगलीच.

दुसऱ्या दिवशी तिने देवेशला फोन धरायला सांगितलं. नऊवारी नाही, नथ नाही. तोच गाऊन, तोच टॉवेल, मिरचीने लाल झालेले हात आणि मागे उघडा डंख. ती म्हणाली, "ह्यो मसालो माझो नाय. आमच्या रुक्मिणीवयनीचो. मी चोरलंय. उद्यापासून मिळाचो नाय." देवेशने हातापाया पडून बघितलं. तिने तो व्हिडिओ टाकायलाच लावला.

आणि लोक कसे असतात बघा. दुसऱ्याची फजिती म्हटली की यांना जेवण गोड लागतं. नऊवारीचा व्हिडिओ बघितला नव्हता एवढ्या लोकांनी हा बघितला, आणि जो मसाला मिळणार नाही म्हणून सांगितलं होतं, नेमका तोच मागायला लागले. हिराने एकालाही दिला नाही. देवेश डोक्याला हात लावून बसला.

तिसऱ्या दिवशी तो व्हिडिओ बघून बोरिवलीहून संचिता नावाच्या बाईचा फोन आला. माहेर देवबागचं. आई, जानकी, दर वर्षी हिराकडेच मसाला कांडायची. ती अचानक गेली. प्रमाण कोणी लिहून घेतलं नव्हतं. सहा वर्षं संचिता अंदाजाने करून बघत होती आणि दर वेळी चुकत होती. तिने भीत भीत विचारलं, काकींना काही आठवतं का?

हिराला सगळं आठवत होतं. संकेश्वरी मिरची बेडगीच्या निम्मी, दगडफूल सढळ, मोहरी दोनदा भाजलेली, आणि घाणा चालू असताना जानकी कोणाशी बोलायची नाही. फोनवर संचिता रडू लागली. हिराही रडली. हे तिने देवेशला मागाहून कबूल केलं नाही, पण त्याने बघितलं होतं. महिन्याभरात असे वीसेक फोन आले. कोणाची आई गेलेली, कोणाची आजी विसरभोळी झालेली.

तेव्हापासून हिराच्या डंखाचा नियम ठरला. फोन करणाऱ्या बाईने आधी आपण कोणाची लेक, कुठल्या घरची, ते सांगायचं. आई हयात असली तर आधी त्या आईला विचारून यायचं. आई नाही म्हणाली तर मसाला नाही. एकीचा मसाला दुसरीला कधीच नाही. पाकिटावर माड नाही, होडी नाही, घराचं नाव तेवढं. ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती मुंबईच्या बसने पार्सलं जातात. देवेश कुरकुरत का होईना, पत्ते लिहितो. दुसरा डंख घ्यावा लागेल असं आता तोच म्हणतो. कुडाळच्या त्या कोटवाल्यानेही फोन केला होता. शिबिरात येऊन तुमची गोष्ट सांगा म्हणे. हिराने त्याला विचारलं, तुझी आई मसाला कुठे कांडते? त्याला ते माहीत नव्हतं. तिने फोन ठेवला.

मुंबईच्या लेकींनी गावच्या आयांना फोन केले तसे स्थानिक डबेही एकेक करून परत आले. तोंडं वाकडी करूनच आले, पण आले. रुक्मिणीवहिनींचा काही आला नाही. आणि जोवर तो येत नाही तोवर बाकीचे असून नसल्यासारखे आहेत, हे हिराला पक्कं ठाऊक होतं.

मे संपताना एका सकाळी वहिनी आल्या. हातात डबा नव्हता. त्यांनी विचारलं, रियाने फोन केला होता ना? केला होता. आई गुडघ्यांनी बेजार आहे, यंदा तिचा मसाला तुम्हीच करून पाठवा, असं तिने सांगितलं होतं. हिराने काय उत्तर दिलं? तेच, जे सगळ्यांना देते: "तुझी आवस जिती आसा. आदी तिका इचार."

वहिनी स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, माझा मसाला सांग बघू. बाटवलेला नाही, माझा.

हिराने डंख बंद केला. देवेशला बाहेर पाठवलं आणि त्याच्यामागे दार लावून घेतलं. मग हळू आवाजात तिने पहिल्या मिरचीपासून शेवटच्या नागकेशरापर्यंत सगळं सांगितलं. काय आधी भाजायचं, काय मागाहून, काय नुसतं उन्हात तापवायचं. वहिनी ओठ हलवत ऐकत होत्या. एकही चूक निघाली नाही.

"तुझ्यार माझो इस्वास नाय," वहिनी म्हणाल्या. "पण माझ्या चेडवाच्या, रियाच्या ध्यानात काय रवणा नाय आणि तुझ्या ध्यानातसून काय जाणा नाय. मी गेल्यार तिका दी. तवसर कोणाक नाय."