अहो सरपंच, चहा घेणार का?

भुतंखेतं, शकुन-अपशकुन यांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या घरात कुणाचाच नाही. म्हणून हे लिहिताना मलाच हसू येतंय... पण घडलं ते माझ्या डोळ्यांदेखत, आमच्या ठाण्यातल्या, माजिवड्याच्या घराच्या हॉलमध्ये.

रविवारी सकाळी बिल्डिंगखाली एक कुत्रा सापडला. तपकिरी, गावठी, पुढचा एक पाय पांढरा. गळ्यात पट्टा होता, म्हणजे कुणाचा तरी लाडका. पाणी पाजलं, डॉक्टरांना दाखवलं आणि मालक मिळेपर्यंत घरी आणला. अशा वेळी एखादी खूण आपल्याकडेच ठेवायची असते — ती सांगेल तो खरा मालक. पण आमचा नितीन म्हणजे उत्साहाचा धबधबा! माझ्या या धाकट्या भावाने सगळ्या ग्रुपवर फोटो टाकले, वर पायाची खूण, शेपटीवरचा डाग, पट्ट्याचा रंग, सगळं लिहून मोकळा.

मग फोनवर फोन. कुणाचा टायगर, कुणाचा ब्रूनो. एक जण तर फोन चालू असतानाच बाजूच्या कुणाशी तरी, कुत्रा गोडाऊनच्या राखणीला ठेवू, असं बोलताना ऐकू आला. चुकीच्या हाती गेला तर? कुत्रा बिचारा टीव्हीखाली तोंड पाडून बसलेला, बिस्किटालाही शिवत नव्हता.

तेवढ्यात बाबा भाजी घेऊन आले. बाबा खोपटच्या एसटी डेपोचे रिटायर्ड कंडक्टर. दारातच थांबले आणि कुत्र्याकडे बघून म्हणाले, "अहो सरपंच, चहा घेणार का?"

कुत्रा ताडकन उठला! शेपटी हलवत बाबांभोवती गोल गोल. मागोमाग बिस्किटांचा पुडा फस्त.

"बाबा, सरपंच कोण?"

"हे काय, समोरच आहेत. चेहऱ्यावरूनच दिसतंय की गं!"

मी ठरवलं, हे नाव जो सांगेल त्यालाच कुत्रा द्यायचा.

"ताई, येडी झालीस का? कुत्र्याचं नाव सरपंच कोण ठेवतं?" नितीन म्हणाला. पण नाव बाहेर कुणाला सांगायचं नाही, एवढं त्याने या वेळी पाळलं.

दुसऱ्या दिवशी ठाकुर्लीहून एक आजी सुनेला घेऊन आल्या. लिफ्टचं दार उघडलं आणि पॅसेजमधूनच आवाज आला, "अहो सरपंच! कुठे होता हो तुम्ही?"

कुत्र्याने अशी झेप घेतली की आजी जमिनीवरच बसल्या. तो तोंड चाटतोय, त्या रडतायत, हसतायत... मीही रडले. नितीनसुद्धा, पण तो कबूल करणार नाही.

चहा पिताना आजी म्हणाल्या, "नाव आमच्या ह्यांनी ठेवलेलं. कामावरून आले की दारातूनच विचारायचे, अहो सरपंच, चहा घेणार का? ते गेल्यापासून हा रोज दारात वाट बघतो. परवा शोधायलाच निघाला असेल."

बाबांचा कप हातातच राहिला. आम्ही खोदून खोदून विचारलं — गाव वेगळं, नोकरी वेगळी, बाबांनी त्या आजोबांना कधी पाहिलेलंही नाही.

"मग तुम्ही तेच कसं बोललात?"

"तोंडात आलं, बोललो. मला काय माहीत?"

मलाही अजून माहीत नाही, आणि खरं सांगू, आता शोधतही नाही. रोज संध्याकाळी आजींचा व्हिडिओ कॉल येतो. बाबा विचारतात, "अहो सरपंच, चहा घेणार का?" तिकडून जोरात भुंकणं ऐकू येतं, आणि मग आजी गॅस पेटवतात.