मागून हाक आली नाही

"बाजूला व्हा मावशी, खरे विद्यार्थी ताटकळलेत."

अमरावतीच्या लॉ कॉलेजात शिकवणाऱ्या आणि प्रवेशाचं कामही पाहणाऱ्या मॅडम हे म्हणाल्या. माझ्या फाईलमध्ये यादीत नाव लागल्याचं पत्र होतं. प्रवेश पक्का करायचा तो शेवटचा दिवस. पाचला खिडकी बंद.

"मीच हाये विद्यार्थी," मी म्हटलं.

त्यांनी फाईल उघडली. जातीच्या दाखल्यावर थांबल्या. तो बोटाच्या टोकाने सरकवला.

"काय करता?"

"अकोल्याले भाजीचा ठोक धंदा हाये."

"मग सीट कशाला अडवता? तुमच्यातल्याच एखाद्या तरुण पोरीला मिळेल. नाही तरी पहिल्याच वर्षी सोडाल. प्रवेश नको, असं लिहून द्या." त्यांनी कोरा कागद पुढे केला. रांगेतली पोरं हसली.

माझं डोकं फिरलं. "ठेवा तुमची सीट," म्हणाले, फाईल ओढली आणि निघाले.

ही माझी बाजारातली खोड. भाव पटला नाही की पाठ फिरवायची. वळून बघायचं नाही. अंजनगावचा शेतकरी असो की अकोल्याचा अडत्या, दहाव्या पावलाच्या आत हाक येते, "ओ बाई, या इकडं." या खोडीवर मी वीस वर्षं धंदा केला.

फाटक आलं. हाक आली नाही.

अठराव्या वर्षीही अशीच पाठ फिरवली होती. अकोल्यात, दुसऱ्या एका कॉलेजच्या खिडकीवर. तिथला बाबू म्हणाला होता, "फुकटवाल्यांची रांग तिकडं." फॉर्म त्याच्या टेबलावर आपटून आले. वाटलं, मार्क चांगले आहेत, बोलावतील. आठ दिवस पोस्टमनची वाट पाहिली. मग भाजीची टोपली उचलली. पुढे सगळ्यांना सांगत राहिले, कॉलेजला लाथ मारली म्हणून. खोटं होतं ते. माझी जागा दुसऱ्याला गेली आणि तिथे कोणाला मी आठवलेही नाही. बी.ए. केलं ते भाजी विकता विकता, मुक्त विद्यापीठातून.

फाटकाशी नवऱ्याचा फोन आला.

"झालं काय?"

"निंगाली मी तिथून."

"काहून?"

"अपमान केला त्या बाईनं."

"नाव त तुयंच लागलं ना? मंग तू कोनाले पाठ दाखवून राहिली?"

मी तिथेच उभी राहिले. बाजारात पाठ फिरवते तेव्हा माल समोरच्याचा असतो. इथे माल माझा होता. तोच टाकून मी चालले होते. मॅडमना त्या कागदावर माझी सही लागलीच नाही. माझा राग पुरला.

साडेचारला परत खिडकीशी गेले.

"तुम्ही तर गेला होतात ना?"

"आली वापस. कागद जमा करा. पावती द्या."

"रोज यावं लागेल. झेपेल?"

"ते तुमी नका पाहू."

मूळ दाखले एकेक करून दिले. पावतीवरची प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली. एक दाखला लिहायचा राहिला होता, तो लिहून घेतला. रांग ताटकळली. ताटकळू दिली.

माझा राग गेलेला नाही. जाणारही नाही. पण यापुढे तो मला दाराबाहेर नेणार नाही. वर्ग सुरू झाले की तो माझ्यासोबत पहिल्या बाकावर बसेल. आणि मॅडम, शिकवायला तुम्हालाच यायचं आहे.