आमच्या साडूंचा उतार

सोयरीक जुळवताना कुणी घराणं बघतं, कुणी शेती बघतं, कुणी मुलाची नोकरी बघतं. फाटकापुढची जमीन बघणारा माणूस सबंध खानदेशात एकच झाला, आणि तो माझा साडू. हे मी अगदी छाती पुढे काढून सांगतो, कारण त्यांच्याखेरीज छाती पुढे काढावी असं माझ्याकडे फारसं काही नाही. मी साधा शाळामास्तर, जळगावभर सायकलवर हिंडणारा. ते केळीचे व्यापारी, पिंप्राळ्यात नव्यानं उठलेल्या कॉलनीत बंगली बांधून राहणारे. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिलेली. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. नात्यानं आम्ही साडू-साडू, पण ते मला कधी साडू म्हणाले नाहीत. ते म्हणायचे ‘मास्तर’, आणि त्या हाकेपाठोपाठ बहुतेक वेळा मला रस्त्यावर आडवं पडावं लागायचं. ते का, ते येईलच पुढे.

आता हा माणूस असा का झाला, याचं मूळ केळीत आहे. केळीच्या घडाला आज धक्का लागला तर आज काही दिसत नाही. दिल्लीला वॅगन उघडली की दिसतं. साडूंचं सगळं आयुष्य घड शेतातून ट्रकमध्ये आणि ट्रकमधून वॅगनमध्ये न आदळता पोचवण्यात गेलं. खाली वाळलेली पानं अंथरायची, बाजूनं पानं कोंबायची, आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसून प्रत्येक खड्ड्याला त्याच्या मांडीवर हात ठेवायचा. धक्का या गोष्टीशी त्यांचं उभं वैर होतं. घरात कुणी कप बशीत जरा जोरात ठेवला तरी ते वळून बघायचे. त्यांच्याकडे जेवायला बसलं की मी भाकरीसुद्धा हळू मोडायचो.

अशा माणसानं गाडी घेताना नेमकी जिल्ह्यातली सगळ्यांत बुटकी गाडी घ्यावी, याला काय म्हणायचं? सुरतेच्या कुणा शेटजीनं वापरून सोडलेली, परदेशी बनावटीची, लांबलचक दुधी गाडी होती ती. साडू तिच्यात बसले, गाडी लोण्यासारखी चालली, आणि त्यांनी खाली न वाकताच सौदा केला. घरी आणल्यावर कळलं, की रिकामी असताना तिच्या पोटाखाली त्यांची जेमतेम एक वीत बसते आणि माणसं बसली की वीत आखडून घ्यावी लागते. कॉलनीनं तिचं नाव ठेवलं ठेंगणी. साडूंनी राग मानला नाही. ते म्हणाले, “ठेंगणी तर ठेंगणी. पन चालते कशी ते पाहा.”

सपाट रस्त्यावर चालायची छानच. पंचाईत व्हायची ती कुणाच्या दारात शिरताना. पिंप्राळ्यात तेव्हा जो तो घराचा पाया उंच घ्यायचा, पुढे गटार, गटारावर फरशी आणि फाटकापर्यंत स्कूटर कशीबशी चढेल असा उभा, तोकडा उतार. ठेंगणी तिथे आली की पुढची चाकं वर जायची आणि मधेच खालून असा खर्रर्र आवाज यायचा, की साडू स्वतःचंच पोट धरायचे. “डोकं गेलं, शेपूट जाईल, पोट राह्यलं,” असं ते म्हणायचे. म्हणून प्रत्येक फाटकापाशी ते गाडी थांबवायचे आणि म्हणायचे, “मास्तर, पाहा बरं जरा, किती राह्यलं.” मग मी जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून आडवा व्हायचो, गाल टेकून पोटाखाली बघायचो आणि बोटं दाखवायचो. ज्या मुलांना मी सकाळी भूमिती शिकवायचो, ती संध्याकाळी मला असा रस्त्यावर पडलेला बघून अदबीनं नमस्कार करून जायची.

गाडी हलकी करण्यासाठी बाकीच्यांना उतरावं लागायचं. अक्कांना तर सांगायचीही गरज नव्हती. फाटक दिसलं की त्या पदर सावरून दार उघडायच्या आणि म्हणायच्या, “मी उतरते.” लग्न असो, बारसं असो, हळदीकुंकू असो, अक्का कधी गाडीत बसून कुणाच्या दारात गेल्या नाहीत. गाडीवाल्याची बायको, पण सगळीकडे पायी पोचायची. आम्ही यावर खूप हसायचो. अक्काही हसायच्या. साडू मात्र हसायचे नाहीत. त्याचं कारण तेव्हा आमच्या लक्षात आलं नव्हतं.

पुढे कॉलनीच्या रस्त्याला कडेनं उभे दगड बसवायचं काम निघालं, तेव्हा तर साडूंची झोपच उडाली. उभी कड म्हणजे ठेंगणी घरातच अडकणार. मला घेऊन ते नगरपालिकेच्या कचेरीत गेले. बरोबर पिशवीत अक्कांची परात, एक ताटली आणि एक लिंबू. तिथल्या साहेबाच्या टेबलावर त्यांनी परात ठेवली, लिंबू घरंगळत सोडलं. ते कडेला आपटून परत आलं. मग ताटली ठेवली. लिंबू तिच्या कलत्या कडेवरून अलगद चढलं आणि टेबलावरून खाली गेलं. साडू म्हणाले, “साहेब, तुम्ही परात करून राह्यले. आम्हाला ताटली पाहिजे.” साहेब भला माणूस होता. तो म्हणाला, “काका, तुमचं लिंबू खाली पडलं.” साडू शांतपणे म्हणाले, “पडलं नाही. घरी गेलं.”

साहेब हसला, चहा मागवला, आणि काय त्याच्या मनात आलं कोण जाणे, आमच्या साडूंच्या गल्लीच्या तोंडाशी कडेला चांगली गोलाई करून दिली. मग काय बघता! भाजीची हातगाडी तिथूनच चढू लागली, दूधवाल्याची सायकल तिथूनच, पलीकडच्या गल्लीतल्या लुगडेवाल्या आजीसुद्धा वळसा घेऊन तिथूनच. संध्याकाळी साडू ओसरीत खुर्ची टाकून बसायचे आणि कोण कोण चढतंय ते बघायचे. कुणाचं चाक अडलं नाही की त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान यायचं, जणू वॅगन दिल्लीला पोचली. मलाही त्या खुर्चीशेजारी बसताना उगाच मोठं झाल्यासारखं वाटायचं.

अशात त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं जमलं. धुळ्याचा मुलगा, शिकलेला, शांत. त्याचे वडील धान्याचे आडते, जुनं नाव असलेलं घर. घर बघायला आम्ही मुलीलाही घेऊन गेलो. पोहे झाले, बोलणी झाली, सगळ्यांची मनं जुळली, आणि आमचे साडू मात्र खिडकीतून बाहेर बघत बसलेले. घरापुढे मोठा दगडी ओटा होता आणि त्याच्या शेजारी फाटक. पण रस्ता खाली, मधे गटार, आणि ओट्याची शेवटची पायरी अशी पुढे आलेली की फाटकात सरळ उतार द्यायला जागाच नव्हती. होणारे व्याही अहिराणी बोलणारे, रोखठोक. ते म्हणाले, “बठ्ठं जमनं ना भाऊ? आते काय राह्यनं?” साडू म्हणाले, “उतार राह्यला.”

त्यांनी मग स्पष्टच सांगितलं, की माझी मुलगी माझ्या गाडीतून येईल आणि तुमच्या दारातच उतरेल, रस्त्यावर नाही. तेवढी पायरी काढून उतार करा. व्याह्यांचा चेहरा बदलला. “हाऊ ओटा मन्हा बापनी बांधेल शे,” ते म्हणाले. “गाडीसाठे पायरी तुटनार नही. पोरले आम्हन्या बाया हात धरीसन लई येतीन.” यावर साडू नमस्कार करून उठले. गाडीत अक्कांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मुलगी म्हणाली, “आबा, मी चढेन पायी. एवढ्यासाठी लग्न मोडू नका.” साडू गाडी चालवत राहिले. मला त्यांचा भयंकर राग आला होता. एका पायरीपायी पोरीचं सोन्यासारखं स्थळ घालवायचं म्हणजे अतीच झालं.

पारोळ्याला चहासाठी थांबलो. बायका गाडीतच बसल्या. मी साडूंना बाजूला घेऊन म्हणालो, “भाऊ, हे बरं नाही. गाडी मोठी की मुलगी?” त्यांनी समोरच्या किल्ल्याकडे नजर लावली. मग म्हणाले, “मास्तर, तुमची मेहुणी माझ्याकडं आली ती केळीच्या ट्रकमधून. लग्नाच्या दिवशी सांगितलेली गाडी आलीच नाही. ट्रक आमच्या गल्लीत शिरेना. ती तोंडाशीच उतरली. वैशाखाचं ऊन, गल्लीत खडी पसरलेली. चपला राह्यल्या ट्रकात. नवी नवरी तशीच अनवाणी चालत आली घरापर्यंत. मी पुढं, ती मागं. एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून उतरूनच राह्यली आहे. गाडी घेतली, तर तीपण अशी घेतली. पोरीनं तरी उतरू नये, मास्तर. बस, एवढंच.” त्यांचा चहा तसाच निवून गेला. माझाही.

घरी पोचल्यावर त्यांनी धुळ्याला निरोप धाडला, की पायरी तशीच राहू द्या, लग्नाची तारीख धरा. पण नंतर त्यांनी जे केलं, ते करायला फक्त केळीचा माणूस पाहिजे. लग्नाच्या आदल्या दिवशी, मुलीच्या घरी मांडव पडलेला, पाहुणे आलेले, आणि मुलीचा बाप बारदानाच्या गोण्या, फळ्या आणि वॅगनवरचे हमाल ट्रकमध्ये घालून धुळ्याला निघाला. बरोबर मी होतोच. व्याही ओट्यावर उभे. साडू हात जोडून म्हणाले, “तुमच्या पायरीला हात लावत नाही. नुसतं वरून पांघरूण घालतो. उद्या काढून नेईन.” पायरीवर आधी वाळलेली केळीची पानं अंथरली, दगडाला ओरखडा नको म्हणून. मग मुरमानं भरलेल्या गोण्या रचल्या, त्यावर फळ्या. खाली रस्त्याशी उतार लांब सोडला, वर फाटकाशी हळूच वळवला. अख्खी गल्ली बघायला जमली. मुलीकडचे लोक मुलाच्या दारात हमाली करताहेत, हे त्या गल्लीनं पहिल्यांदाच बघितलं असणार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. व्याही आधी हाताची घडी घालून उभे होते. मग त्यांनी चहा पाठवला. मग एक एक पायरी करत खाली आले. वाकून वरच्या वळणाकडे बघितलं, आणि म्हणाले, “अठे जरा गोल करा, भाऊ. उभं राही गयं.” साडूंनी त्यांच्याकडे असं बघितलं, की मला वाटलं सोयरीक खरी जमली ती त्या क्षणी.

लग्न लागलं. वरात निघताना साडू स्टिअरिंगपाशी जाऊन बसले. सगळे म्हणाले, “मुलीचा बाप वरातीबरोबर सासरी जातो का कुठे?” साडूंनी डोक्यावरचा फेटा काढून अक्कांच्या हातात दिला, टोपी घातली आणि म्हणाले, “बाप इथंच राह्यला. मी ड्रायव्हर आहे.” धुळ्याला फाटकापाशी मी त्यांनीच मानपानात दिलेल्या नव्या सफारी सुटासकट आडवा झालो. “किती राह्यलं, मास्तर?” मी चार बोटं दाखवली. ठेंगणी नवरानवरीसकट वर गेली, कुठेही न घासता, आणि पोरीचं पाऊल गाडीतून निघालं ते थेट उंबऱ्यापुढच्या रांगोळीवर पडलं. बाप गाडीतच बसून होता. त्यानं घरात पाय टाकला नाही. फाटकापाशी तांब्याभर पाणी प्यायला, आणि गाडी मागे घेतली.

त्यानंतरच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला माहेरी आणायला आम्ही गेलो. साडू, अक्का आणि मी. गल्लीत वळलो, फाटक दिसलं, आणि अक्कांनी सवयीनं पदर सावरला, दार उघडलं, एक पाय बाहेरही टाकला. “मी उतरते.” ओट्यावर व्याही उभे होते. गोण्या गेल्या होत्या. त्यांच्या जागी सिमेंटचा लांब उतार होता, कडा गोल केलेल्या, आणि बापाची पायरी जशीच्या तशी ठेवून तिच्या बाजूनं वळवून नेलेला. व्याही म्हणाले, “विहीणबाई, बशी राहा. गाडी पार मझार येस, आंगनमा.” अक्कांनी साडूंकडे बघितलं. ते सरळ पुढे बघत होते. म्हणाले, “दार लावून घे.” अक्कांनी पाय आत घेतला, दार लावलं. मला कुणी वाकायला सांगितलं नाही. गाडी चढली. अंगणात थांबल्यावर लेक धावत आली, तरी अक्का जागच्या हलल्या नाहीत. “बसू दे मला जरा,” एवढंच म्हणाल्या. साडू तोवर बोनेटवरची नसलेली धूळ रुमालानं पुसत होते.

ठेंगणी पुढे थकली, तिचे सुटे भाग मिळेनासे झाले, आणि एक दिवस तिला ओढून न्यावं लागलं. साडूंनाही जाऊन आता बरीच वर्षं झाली. अक्का लेकीकडे एसटीनं जातात, सोबतीला मी असतो. परवाही गेलो होतो. धुळ्याच्या स्टँडवरून रिक्षा केली. पोरगेला रिक्षावाला फाटकापुढे रस्त्यावरच थांबला आणि म्हणाला, “आजी, उतरा.” अक्का हलल्या नाहीत. पदर सावरून ताठ बसल्या आणि म्हणाल्या, “उतरायची नाही मी. वर घे. हा उतार आमच्या ह्यांचा आहे.” त्यानं मुकाट्यानं रिक्षा वर घेतली. मी सवयीनं बाहेर वाकून खाली बघितलं. भरपूर जागा होती.