मऊ माल आधी

मी चाकाच्या खुर्चीत बसून बोचा खेळते. पांढऱ्या चेंडूच्या जितक्या जवळ जमेल तितके आपले सहा चेंडू न्यायचे, इतकाच खेळ. माझे हात चालत नाहीत, म्हणून डोक्याला बांधलेल्या काठीने मी चेंडू उतरत्या पन्हळीवरून सोडते. पन्हळ धरायला आणि तिच्यावर चेंडू ठेवायला एक माणूस लागतो. त्याने मैदानाकडे पाठ करून बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, असा नियम आहे.

माझा हा माणूस म्हणजे माझे वडील, देवळ्याचे कांदेवाले. गप्प बसणं त्यांना जन्मात जमलेलं नाही. म्हणून नाशिकच्या सामन्याआधी आठवडाभर मी अण्णांकडून फक्त गप्प बसण्याचा सराव करून घेतला. चेंडूंचं एकदाच सांगितलं: कडक आधी, मऊ शेवटी, कारण मऊ फार घरंगळत नाही.

सामन्यात अण्णा एक शब्द बोलले नाहीत. प्रत्येक चेंडू अंगठ्याने दाबून बघायचे आणि ठेवायचे. पहिले चेंडू वाटेतच थांबत होते, त्याचा दोष मी फरशीला देत होते. शेवटचा मात्र पांढऱ्याला ओलांडून थेट भिंतीवर आपटला.

बाहेर येताच मी भडकले, "मऊ कुठे गेले?"

"ते आधीच काढले. मऊ माल शेवटपर्यंत ठेवतं का कुणी? सडंल ना!"

आता मऊ चेंडूंची पिशवी वेगळी असते. ते बियाण्याचे आहेत, असं मी अण्णांना सांगितलंय. "मऊ कांदा कुणी बियाण्याला धरतं का," असं पुटपुटतात, पण मी मागेपर्यंत हात लावत नाहीत.