विलासनं स्वतःचं नाव काढायला लावलं, तो शोधनिबंध

विलास गेला तेव्हा मी चिकलठाण्याच्या ऑफिसात बैठकीत होतो. त्याच्या बायकोचा, वहिनींचा, फोन दोनदा आला, दोनदा मी कापला... तिसऱ्यांदा उचलला, तोवर सगळं संपलं होतं.

आम्ही एकाच सरांकडं पीएच.डी. करत होतो. शिष्यवृत्तीच्या एका वेबसाइटवर कितीतरी मुलं अर्ज अर्धवट सोडत, ते का, हा आमचा प्रश्न. मी सर्व्हरवरच्या नोंदी काढल्या: कोण कुठल्या पानावर किती वेळ थांबलं. विलास मात्र औरंगपुऱ्यातल्या नेट कॅफेत जाऊन अर्ज भरणाऱ्यांशेजारी बसायचा. मी म्हणायचो, मोजता येतं तेच खरं. तो हसायचा. "अरे, पोरं कुठं थांबली ते तुझे आकडे सांगतील. का थांबली, ते इचारल्याबिगर कसं कळंल?"

आकड्यांवरून मी निष्कर्ष काढला की पान उघडायला वेळ लागतो, म्हणून मुलं सोडून जातात. विलासच्या वहीत एका मुलीचं वाक्य होतं : "सर, वडिलांचं नाव टाकल्याबिगर पुढं जातच नाय. आमच्या घरी आईच हाय." अशी आणखीही काही होती. लेख पाठवताना मी ती सगळी पानं गाळली. मी म्हणालो, चार जणांच्या गप्पा म्हणजे काय पुरावा? विलासनं वही मिटली. मग म्हणाला, "मग माझं नाव पण काढ."

मी काढलं. थांब म्हणालो नाही.

लेख छापून आला, त्यावर मला नोकरी लागली. वेबसाइट वेगवान झाली, वडिलांच्या नावाचा तो रकाना मात्र सक्तीचाच राहिला. विलास एका कॉलेजात शिकवू लागला. एकाच गावात असूनही मी त्याच्याकडं गेलो नाही. लग्नकार्यात भेट झाली की तोच आधी हात पुढं करायचा.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी उस्मानपुऱ्यात त्याच्या घरी गेलो. धीर करून विचारलं, "वहिनी, माझ्याबद्दल कधी काही बोलायचा का?"

"दरवर्षी पोरांना तुमचा लेख वाचायला द्यायचे," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, आकडे एकदम बरोबर हायेत, आता ह्यात कोण माणूस सुटलाय ते शोधा. अन् कुणी इचारलं, कुणाचा लेख, तर म्हणायचे, आमच्या दोघांचा."

वहिनी मला त्याच्या खोलीत घेऊन गेल्या. कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या होत्या, एक जरा मागं सरकवलेली. "बसा ना, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

मी उभ्यानंच चहा घेतला.