गुड मॉर्निंगच्या आधी

बेटावरच्या ट्रुमाका गावाचा रस्ता समुद्राकडे पाठ करून चढत जातो आणि चढणाऱ्याचा दम काढतो. पण कितीही धाप लागलेली असो, वाटेतल्या प्रत्येक ओसरीला 'गुड मॉर्निंग' म्हटल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दुपारी गुड आफ्टरनून. अंधार पडल्यावर गुड नाइट, आणि तेही निरोपाचं नव्हे, भेटल्याबरोबरचं. न बोलता गेलेल्याची चौकशी सूर्य मावळायच्या आत गावभर झालेली असते. कुणाचा गं तो? आईनं काही शिकवलं नाही का?

व्हर्लिन बास्कमला शिकवलं होतं. आई कामासाठी दुसऱ्या बेटावर, टोर्टोलाला गेली तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते. तिला वाढवलं टांटी एझ्मानं, आईच्या थोरल्या बहिणीनं. शाळेतून पोर धावत आली आणि तशीच आत घुसली, तर टांटी चुलीवरून मान न वळवता म्हणायची, "दार वाजलं वाटतं. वारा असेल." मग व्हर्लिन दप्तरासकट मागे फाटकापर्यंत जायची, तिथून नीट चालत यायची आणि म्हणायची, "गुड आफ्टरनून, टांटी." तेव्हा कुठे ती टांटीला दिसायची, आणि तिच्या ताटलीत भाजलेला नीरफणस पडायचा.

शाळा संपली तेव्हा नर्स व्हायचं हे ठरलेलंच होतं. कुठली नर्स, एवढंच ठरायचं होतं. एक वाट आखूड होती, सहायक नर्सची. अभ्यासक्रम लवकर संपतो, गणवेश लवकर अंगावर चढतो. दुसरी लांब. राजधानीत, किंग्सटाउनच्या कॉलेजात वर्षानुवर्षं घासायचं, पदवी घ्यायची, आणि एवढं करून पुढे नोंदणीची परीक्षा. आसपासच्या साऱ्या बेटांना एकच प्रश्नपत्रिका. ती सुटली तरच नोंदणीकृत नर्स. नाहीतर इतकं शिकूनही दुसऱ्याच्या हाताखाली.

"आखूडच घे," नीरफणसाखाली जाळं दुरुस्त करत बसलेला शेजारचा अंकल कॉस्मोर म्हणाला. "लांबच्या वाटेनं गेलीस तर तू येईस्तोवर मी मातीत. मरताना नाडी धरायला तरी कुणी हवं."

"तुझी नाडी धरून बाईनं हात कशानं धुवायचे?" टांटी म्हणाली. "मासळीचा वास लिंबानंसुद्धा जायचा नाही."

व्हर्लिन आखूड वाटेचाच अर्ज करणार होती. पण त्याच आठवड्यात वरच्या आळीतल्या एका मुलीला दम्याचा झटका आला, आणि तिला दवाखान्यात पोचवणाऱ्यांत व्हर्लिन होती. तिथल्या नोंदणीकृत नर्स हॅकशॉ दुसऱ्या गावी गेलेल्या. दवाखान्यात एकटी सहायक. औषध कपाटात, कपाटाची किल्ली तिच्या खिशात, मुलीचे ओठ काळवंडत चाललेले, आणि ती सहायक बिचारी फोन कानाला लावून नर्सच्या हुकमाची वाट बघत उभी. हात होते, परवानगी नव्हती. नर्सची गाडी आली, मुलगी वाचली. पण त्या सहायक बाईचे रिकामे हात व्हर्लिनच्या डोळ्यांपुढून हलेनात.

"टांटी, मी लांबच्या वाटेनं जाते," घरी येऊन ती म्हणाली.

टांटीनं कढईतला मासा उलटला. "जा. पण परत याच फाटकातून यायचं."

कॉलेजची वर्षं तिनं मान मोडून काढली. पदवी मिळाली. आणि नोंदणीच्या परीक्षेत ती नापास झाली.

नर्स हॅकशॉ निवृत्तीला आल्या होत्या. व्हर्लिन पास झाली तर ट्रुमाकाच्या दवाखान्याला गावचीच नर्स मिळणार होती. नाही झाली, तर बाहेरून कुणी येईल, आणि व्हर्लिन त्या बाईच्या हाताखाली फोन कानाला लावून उभी राहील. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, म्हणून कुणी काही बोललं नाही. ओसऱ्यांवरून येणारं गुड मॉर्निंग तेवढं जरा हळू झालं. ते तिला टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

शेवटी नर्स हॅकशॉंनीच तिला टांटीच्या अंगणात समोर बसवलं. उंच, कडक बाई. त्यांच्या सुईपेक्षा नजरेला लोक जास्त घाबरत.

"रोग तुला पाठ आहेत, औषधं पाठ आहेत. मग अडतेस कुठे? हा प्रश्न सोडव. रोग्याला श्वास घेता येत नाही, रंग निळा पडतोय. नर्सनं सर्वांत आधी काय करावं? ऑक्सिजन लावावा, डॉक्टरला बोलवावं, रक्तदाब मोजावा, की आपली ओळख करून द्यावी?"

"ओळख," व्हर्लिन पटकन म्हणाली.

नर्सबाईंनी चष्मा काढला. "माणूस निळा पडलाय, व्हर्लिन."

"पण नर्स, परक्या माणसाच्या अंगाला न बोलता हात कसा लावायचा?"

"अगदी बरोबर बोलली!" चुलीपासून टांटी गरजली. "दारातून आत यायचं आणि ना गुड मॉर्निंग, ना काही, एकदम नाकात नळी? ती नर्स का चोर?"

"एझ्मा, तू गप्प बस. ही पोर तुझ्यामुळेच नापास झालीय!"

आणि ते खरंच होतं. 'आधी काय' म्हणून विचारलेला प्रश्न आला, की व्हर्लिन आधी नमस्कार-चमत्कार करायची. रक्त वाहतंय, गुड मॉर्निंग. झटका आलाय, गुड मॉर्निंग. हे तिला कुठल्या पुस्तकानं शिकवलेलं नव्हतं, तिच्या पायांनी शिकवलेलं होतं, फाटकापासून दारापर्यंत चालून चालून. दुसऱ्या कुठल्या बेटावरची मुलगी असं चुकली असती की नाही देव जाणे. आमची चुकली, आणि खरं सांगायचं तर गावाला त्याचा थोडा अभिमानही वाटला.

मग गावानंच तिची तयारी मनावर घेतली. व्हर्लिन प्रवासी व्हॅनमधून उतरली की अंकल कॉस्मोर रस्त्याकडेला आडवा व्हायचा. "मी बेशुद्ध पडलोय! आधी काय?"

"श्वास बघायचा."

"चुकलीस. आधी माझी टोपी उचल, नवी आहे."

दुकानदारीण काउंटरवरून ओरडायची, "माझा हात तेलात भाजला! आधी काय?" आणि व्हर्लिन दोन्ही हातांत पिठाच्या पिशव्या घेऊन म्हणायची, "गार पाणी, मिस ऑर्नेला. आणि गुड आफ्टरनून." ते शेवटचं काही केल्या सुटेना. नर्स हॅकशॉ कपाळावर हात मारायच्या.

दुसऱ्या खेपेची परीक्षा तोंडावर आली होती. त्या दुपारी व्हर्लिन घरी आली तेव्हा नीरफणस विस्तवावर जळत होता. टांटी कधी काही जळू देत नसे. व्हर्लिननं फाटकातूनच पाहिलं. टांटी बाकावर बसलेली, घामानं निथळलेली, हात लटपटतायत, आणि नजर अशी की समोरचं काहीच ओळखीचं नाही. टांटीला साखरेचा आजार होता. सकाळची गोळी घेतली होती आणि जेवायला मात्र व्हर्लिनची वाट बघत बसली होती; रक्तातली साखर पार उतरली होती.

व्हर्लिन कशी धावली ते तिचं तिलाच आठवत नाही. एक वहाण फाटकातच राहिली. तिनं टांटीला सरळ धरलं, हाक मारली, घोट गिळता येतोय याची खात्री केली, आणि साखरेचं पाणी थोडं थोडं करून पाजलं. मग पुन्हा पाजलं. हळूहळू घाम थांबला. नजर परत आली, अंगणावरून फिरली, जळक्या नीरफणसावर थांबली आणि मग व्हर्लिनवर.

"कोण आलं?" टांटीनं बारीक आवाजात विचारलं. "मला तर कुणाचं गुड आफ्टरनून ऐकू आलं नाही."

व्हर्लिन तिथंच जमिनीवर बसून रडली, हसली. मग टांटीच्या हातात पावाचा तुकडा दिला, तो खाल्ला जाईपर्यंत थांबली, उठून फाटकापाशी गेली, राहिलेली वहाण पायात घातली आणि नीट चालत आली.

"गुड आफ्टरनून, टांटी."

"गुड आफ्टरनून, बेटा. आता दिसलीस."

परीक्षेत 'आधी काय'चे प्रश्न पुन्हा आले. व्हर्लिननं निळ्या माणसाला ऑक्सिजन लावला, रक्त वाहणाऱ्याची जखम दाबून धरली, कुणालाही गुड मॉर्निंग केलं नाही. मग एका प्रश्नाशी तिची पेन्सिल अडली. एक म्हातारा, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी, नाडी ठीक, श्वास ठीक, पण भिंतीकडे तोंड करून पडलेला, कुणाशी बोलत नाही. नर्सनं आधी काय करावं? पेन्सिल सवयीनं रक्तदाबाकडे निघाली होती. व्हर्लिन थांबली. म्हाताऱ्याचा श्वास चालू आहे. रक्त कुठे जात नाही. साखर ठीक आहे. त्याला फक्त भीती वाटतेय, आणि अजून कुणी त्याच्याशी बोललेलं नाही. तिनं ओळख करून देण्यावर खूण केली. व्हॅनमध्ये वाजणाऱ्या गाण्यांच्या दणदणाटात परत येताना वाटभर तिला वाटत राहिलं की तिथंच पुन्हा घात झाला.

निकालाच्या सकाळी फोन वाजला आणि टांटीनं तो व्हर्लिनच्या आधी उचलला. पलीकडे कॉलेजातली तिची मैत्रीण होती, घाईत, एका दमात बोलणारी. टांटीनं फोन कानापासून लांब धरला.

"बाई, हे कुणाचं घर आहे ते माहीत आहे का तुला?" ती फोनमध्ये म्हणाली. "आधी गुड मॉर्निंग म्हण. मग काय सांगायचं ते सांग."

"टांटी!" व्हर्लिन ओरडली. "दे इकडे! माझा जीव चाललाय!"

टांटीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "श्वास चालू आहे ना? मग थांब."

फाटकाशी अंकल कॉस्मोर जाळं खांद्यावर घेऊन खिळून राहिला होता. पलीकडच्या मुलीनं गुड मॉर्निंग म्हटलं. टांटीनं उलट म्हटलं. तिची आई बरी आहे का विचारलं, आईचा गुडघा कसा आहे विचारलं, तेही सावकाश ऐकून घेतलं. मग निकाल ऐकला. मग फोन ठेवला, डोक्यावरचं फडकं सारखं केलं, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच व्हर्लिनसाठी स्वतः फाटकापर्यंत चालत गेली. तिथून वळली आणि घराकडे तोंड करून म्हणाली,

"गुड मॉर्निंग, नर्स बास्कम."

"टोपी आण रे कुणी माझी," कॉस्मोर म्हणाला, "मला आता खरंच आडवं व्हायचंय."